काठाखालचा पहारेकरी

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात शिरलात की गाड्यांचा आवाज मागे पडतो. पुढे उतरती हिरवळ, कातरलेली झुडपं, मधून वाहणारं पाणी आणि त्यावरचा छोटा पूल. पुलावर वाकून मुलं रंगीत कोई मासे बघतायत. पाटीवर लिहिलंय, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांपूर्वीच्या बागेच्या धर्तीवर दहा एकरांत ही बाग उभी केली आहे. लोक इथे फिरतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही मात्र आज पूल ओलांडा, आणि पलीकडे पाय टेकवाल तो १७०० सालात टेकवा.

आता समोर खरं कोराकुएन आहे. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये काम सुरू केलं आणि या वर्षी ते पुरं होतंय. नदीपलीकडे किल्ल्याच्या काळ्या भिंती दिसतात. बागेत भाताची खाचरं आहेत, चहाची रोपं आहेत. पण तुम्ही इथे बाग बघायला आलेला नाही. किल्ल्याला आणि बागेला वळसा घालून जाणारी ही नदी आहे आसाही. तिच्या काठाने उत्तरेकडे चालू लागा. सपाटी संपते, दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, पाणी अरुंद, थंड आणि खळखळतं होतं. चुगोकू डोंगररांगेत युबारा नावाचं गाव लागेल. इथे नदीच्या काठालाच गरम पाण्याचे झरे आहेत. ऑगस्ट सरत आलाय. अंधार पडू द्या, मग पाण्यात उतरा.

गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर पहिली जाणीव होते ती गारव्याची. पायाखाली वाळू नाही, गोटे आहेत, आणि गोट्यांच्या मधून पाणी फेसाळत जातंय. हा फेस साबणाचा नाही. पाणी खडकावर आपटून हवा ओढून घेतंय, तिचा आहे. ज्याला भेटायला आलात, त्याचं आयुष्य या हवेवर चालतं. मशाल खाली धरा. समोरचा तो लांबट, तपकिरी, काळे डाग असलेला दगड जरा निरखून बघा. त्याला चार पाय आहेत.

हा जपानी महाकाय सॅलमँडर. बेडकांसारखाच उभयचर, पण शेपटी शाबूत असलेला. पूर्ण वाढला की दीड मीटरपर्यंत लांब होतो आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास जातं. डोकं रुंद आणि चपटं, त्यावर चामखिळींसारखे उंचवटे. डोळे शोधावे लागतात. इतके बारीक आहेत, आणि त्यांना पापण्याही नाहीत. दोन्ही कुशींवरून मानेपासून शेपटीपर्यंत कातडीची सैल झालर लोंबते. ही झालर म्हणजे त्याचं श्वास घेण्याचं साधन. त्याला फुप्फुसं आहेत, पण श्वासासाठी ती फारशी उपयोगाची नाहीत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कातडीतून घेतो, आणि कातडी जितकी जास्त तितका श्वास जास्त, म्हणून या घड्या. अधूनमधून तो जागच्या जागी हळूच हेलकावे खाताना दिसेल. अंगालगतचं वापरून झालेलं पाणी दूर सारून ताजं पाणी घेण्याची ही रीत आहे.

यातला धोकाही ओळखून ठेवा. माशाला कल्ले आहेत, बेडूक पाण्याबाहेर येऊन हवा ओढतो. या प्राण्याचा मोठा भरवसा कातडीवर आहे. पाणी तापलं, थांबलं किंवा घाण झालं की त्यातला प्राणवायू घटतो, आणि एवढ्या मोठ्या देहाला तो पुरत नाही. म्हणून तो डोंगरातल्या थंड, वाहत्या पाण्यातच राहतो.

अजिबात हलू नका. एक मासा प्रवाहावर तोंड करून त्याच्या नाकाशी आलाय. सॅलमँडरला तो नीट दिसत नाही, पण पाण्याची हालचाल टिपणारे बारीक संवेदनबिंदू त्याच्या डोक्यावर आणि अंगावर आहेत. तोंड उघडलेलं तुम्हाला दिसतच नाही. मासा होता, आणि आता नाही. जबडा एका झटक्यात खाली पडतो, तोंडात पोकळी होते आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. विशेष म्हणजे भक्ष्य डाव्या अंगाला असेल तर तो जबड्याची तेवढीच बाजू खाली पाडू शकतो. मासे, खेकडे, किडे, बेडूक, जे समोर येईल ते त्याला चालतं. त्यानंतर त्याला घाई नसते. त्याच्या शरीराचा खर्च इतका कमी आहे की कित्येक आठवडे उपाशी राहिला तरी त्याचं अडत नाही. त्याला हात लावायचा मोह होईल, पण लावू नका. डिवचला तर तो अंगातून पांढरा चिकट द्रव सोडतो, त्याला जपानी मिरीसारखा उग्र वास येतो. आणि चावला तर सहज सोडत नाही.

आता काठाकडे सरका. झाडाच्या मुळांखाली, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, मातीत एक तोंड दिसेल, हात जाईल एवढं. आत बोगदा आहे आणि बोगद्याच्या टोकाला रुंद पोकळी. तोंडाशी एक मोठं डोकं बाहेर आलंय. हा बिळाचा मालक, म्हणजे नर. वर्षभर तो नदीत कुठेही पडून असतो, पण ऑगस्टच्या शेवटी काठाखालच्या अशा जागांसाठी नरांची झुंज लागते. चावे घेतले जातात, पाय तुटतात, क्वचित कुणी मरतंही. साधंच बीळ, पण त्याच्यासाठी जीव द्यावा अशी जागा, कारण ती सहज मिळत नाही. आतपर्यंत ताजं पाणी झिरपायला हवं, पुरात ढासळायला नको, आणि तोंड एकट्याला राखता येईल एवढंच हवं.

एक मादी येते. मालक तिला आत घेतो. ती अंडी सोडते, एका दोरीत ओवल्यासारखी, पारदर्शक आवरणातले पिवळसर मणी, अगदी रुद्राक्षांच्या माळेसारखे. अशा चार-पाचशे अंड्यांची माळ ठेवून ती निघून जाते. पुढच्या रात्री दुसरी मादी येईल, तिचीही माळ इथेच पडेल. नर त्यांच्यावर वीर्य सोडतो. त्यानंतर बाकी कुणाला आत प्रवेश नाही. पुढचे सहा-सात आठवडे, आणि त्यानंतर पिलं बिळाबाहेर पडेपर्यंत, या बिळात जे काही होतं ते एकट्या बापाच्या हातून होतं.

बिळाच्या आत तुमचं डोकं जाणार नाही, पण कल्पनेने शिरा. अंधार आहे. अंड्यांचा ढीग तळाशी आहे. नर शेपूट एका लयीत हलवत राहतो, म्हणजे ढिगावरून पाणी फिरत राहतं. अंड्यांनाही आवरणातूनच श्वास घ्यायचा आहे. मधूनच तो ढिगात तोंड खुपसून अंडी वरखाली करतो. एका अंड्याभोवती पांढरी बुरशी धरली आहे. तो ते अंडं तोंडात घेतो आणि गिळतो. शेजारचं, न फळलेलं, तेही गिळतो. चांगली अंडी तशीच राहतात. बाप आपलीच अंडी खातो असं यावरून वाटेल. जपानमध्ये बिळांत कॅमेरे लावून केलेल्या निरीक्षणांतून दिसलं की तो सफाई करत असतो, म्हणजे बुरशी पसरून सगळा ढीग नासू नये. प्राण्यांच्या जगात बापाची माया शोधायला आपण पेंग्विनपर्यंत जातो. मला तरी या बिळातल्या पहाऱ्याइतकं थक्क करणारं दुसरं काही आढळलं नाही.

थंडी येते. पिलं अंड्यांतून निघतात, तीनेक सेंटीमीटरची, काळी, मानेशी पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले. हिवाळाभर ती बिळातच असतात आणि बाप तोंडाशी. हिवाळा सरताना ती एकेक करून प्रवाहात उतरतात. चार-पाच वर्षांनी, वीतभर झाल्यावर, बाहेरचे कल्ले जातात. वयात यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. बंदिस्त जागेत हे प्राणी पन्नास वर्षांहून जास्त जगले आहेत. मोठा प्राणी मारला तर त्याची जागा भरायला नदीला किती वर्षं लागतील याचा हिशेब इथूनच करावा लागतो.

युबाराला या प्राण्याचं एक देऊळ आहे. १५९३ साली इथल्या डोहात गुराढोरांना गिळणारा भलामोठा सॅलमँडर होता, मिउरा हिकोशिरो नावाच्या तरुणाने पाण्यात उडी घेतली, तोही गिळला गेला आणि आतून पोट फाडून बाहेर आला, अशी दंतकथा. पुढे त्याच्या घरावर एकामागून एक संकटं आली, सगळं कुटुंब संपलं, म्हणून गावाने मारलेल्या प्राण्याच्या आत्म्यासाठी हे देऊळ बांधलं. दर ऑगस्टमध्ये त्याचा उत्सव होतो आणि सॅलमँडरच्या मोठमोठ्या प्रतिकृती मिरवतात. मारणाऱ्याची पूजा सगळीकडे होते. इथे मारलेल्याची होते.

आता वेगाने पुढे या. १८२९-३०. डच वखारीचा डॉक्टर फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ड जपानमधून हद्दपार होतोय आणि त्याच्या सामानात जिवंत सॅलमँडर आहेत. युरोपात पोहोचलेला एक आधी लायडनला, मग ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात १८८१ पर्यंत जगला. हॉलंडमध्ये असाच एक आधीपासून होता, फक्त तो दगडात होता. स्विस विद्वान योहान शॉइख्झर याने १७२६ मध्ये एका जीवाश्माबद्दल जाहीर केलं होतं की हा बायबलमधल्या महापुरात बुडून मेलेला माणूस आहे. हारलेमच्या संग्रहालयात १८११ साली फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिये याने त्या दगडाची कड छिनीने काढली, आतून पुढचे पाय बाहेर आले आणि तो महाकाय सॅलमँडर निघाला. साधारण सव्वा कोटी वर्षांपूर्वी युरोपातही हे होते. आज या कुळाचे प्राणी फक्त जपान, चीन आणि उत्तर अमेरिकेत उरलेत. चीनमधला त्याहून मोठा भाऊ तर पाळण्यासाठी आणि खाण्यासाठी पकडून पकडून मूळच्या नद्यांतून जवळपास संपला आहे.

मग पुण्यात का नाही? त्यासाठी आणखी मागे जावं लागेल, साडेसहा कोटी वर्षं. पुणे आहे त्या जागी आत्ता पर्वती नाही, मुठा नाही. भेगांतून लाव्हा वर येतोय, एक थर निवतोय, त्यावर दुसरा. याच थरांतून पुढे सह्याद्री कोरला जाईल आणि पुण्यातल्या घरांचा काळा दगड याच थरांतून निघेल. भारत या वेळी समुद्रात एकटा तरंगत उत्तरेकडे निघालाय, आणि सॅलमँडरचं कूळ आशिया, युरोप, अमेरिकेच्या भूखंडांवर आहे. आपल्या तराफ्यावर बसले ते बेडूक आणि देवगांडुळं. दोन लाव्हांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यातले चिमुकले बेडूक मुंबईत वरळीच्या खडकात सापडले आहेत. पाय नसलेलं, जमिनीत राहणारं एक देवगांडूळ तर खंडाळ्यातूनच १९६० मध्ये विज्ञानाला पहिल्यांदा माहीत झालं. सॅलमँडर भारताच्या वाट्याला आला तो फक्त ईशान्येकडच्या डोंगरांत, दार्जिलिंगकडे, आणि तोही अगदी लहान.

पण नदीच्या तळाशी दगड होऊन पडून राहण्याचं, वाहत्या थंड पाण्यात दबा धरण्याचं काम पुण्याच्या नदीतही कुणीतरी करत होतं. ते बघायला १८२०च्या दशकात उतरा, संगमावर. पेशवाई जाऊन थोडीच वर्षं झालीत. खडकीच्या लढाईत जळालेल्या रेसिडेन्सीची जागा इथेच. मुठा आणि मुळा इथे मिळतात, आणि खाली धार खडकाळ पात्रातून पूर्वेला जाते. काठावर भोई जाळं ओढतायत. शेजारी कॅप्टन विल्यम साइक्स उभा आहे, वही उघडून. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम त्याच्याकडे आहे. पण त्याचं लक्ष पक्षी, मासे, पिकं सगळ्यांकडे आहे. सीबोल्ड जपानमध्ये असताना हा इथे आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकाच दशकात दोन नद्या दोन परक्या अधिकाऱ्यांनी कागदावर उतरवल्या.

जाळ्यात एक माणूस एकट्याने उचलू शकणार नाही असं काहीतरी येतं. अंगावर खवले नाहीत. डोकं चपटं, तोंड खालच्या बाजूला आणि रुंद, भोवती मिशा, डोळे बारीक, पाठ तपकिरी आणि त्यावर काळे पट्टे. पर पसरून तो खडकाला बिलगून राहतो, जोरदार धारेतही जागचा हलत नाही आणि जवळून जाणारा मासा गिळतो. हा गूंच, दीड-दोन मीटरपर्यंत वाढू शकणारा कॅटफिश. साइक्सने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३८ मध्ये दख्खनचे मासे मांडले, ते पुढच्या वर्षी छापून आले, आणि या माशाला त्याने इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम यॅरेल याचं नाव दिलं. पुढे 'बॅगॅरियस यॅरेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या माशाला हे नाव मिळालं ते पुण्याच्या मुळा-मुठेतून. याच लेखात महासीरची एक जात आहे, तिच्या शास्त्रीय नावात इथलं 'खुद्री' हे नाव साइक्सने तसंच ठेवलं. या खुद्रीची पिलं आज लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी कृत्रिमरीत्या वाढवून नद्या-तलावांत सोडतात.

गूंच आणि महाकाय सॅलमँडर यांचं नातं काही नाही, एक मासा आणि एक उभयचर. पण दोघांनाही एकच नदी लागते: खडकाळ तळ, धावतं पाणी, त्यात भरपूर प्राणवायू, आणि लपायला कपारी.

जपानलाही हे उशिरा उमगलं. १९५२ मध्ये त्यांनी या प्राण्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला, म्हणजे परवानगीवाचून त्याला हातही लावायचा नाही. शिकार थांबली. पण त्याच काळात डोंगरातल्या नद्यांवर धरणं आणि बंधारे उभे राहिले, पूर येऊ नये म्हणून काठांना सिमेंट लागलं. प्राणी सुरक्षित होता, त्याचं बीळ नव्हतं. ऑगस्टमध्ये वर जायला निघालेले नर बंधाऱ्याच्या भिंतीवर चढू शकत नाहीत आणि खालीच अडकतात. मग लोकांनीच उपाय काढले. काही बंधाऱ्यांच्या कडेला दगडी उतार बांधला, त्यावरून प्राणी चढून जातो. काही ठिकाणी सिमेंटच्या काठात मुद्दाम कृत्रिम बिळं ठेवली, आणि नरांनी ती वापरली, त्यात अंडी झाली. भिंत बांधायची आणि तरी काठाला बीळ ठेवायचं, हे करता येतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. मात्र एक नवं संकट त्यांनी स्वतःच आणलं: खाण्यासाठी आयात केलेले चिनी सॅलमँडर नद्यांत सुटले, आणि क्योतोच्या कामो नदीत आता बरेचसे प्राणी संकरित निघतात.

आता परत या, २०२० च्या दशकात, पुण्यात. संगमाच्या पुलावरून खाली बघा. पाणी संथ, काळपट आहे, काही महिने त्यावर जलपर्णी पसरते. धरणांतून नदीत सुटणारं पाणी पावसाळा सोडला तर नावापुरतं, आणि त्यात शहराचं मैलापाणी मिसळतं. त्यावर उपाय म्हणून जपानच्याच जायका संस्थेच्या कर्जातून २०१६ मध्ये सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, ११ शुद्धीकरण केंद्रं बांधायची होती. त्याच वेळी मुळा, मुठा आणि मुळा-मुठेचे मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठ सुधारण्याची दुसरी योजना आली. तिचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. या योजनेवर वाद आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. बाजू घेण्याआधी दोन्ही योजनांचा क्रम मात्र लक्षात घ्या: पाणी स्वच्छ करणं ही नदीची गरज आहे, काठ देखणा करणं ही आपली.

मैत्रीच्या नावाने आपण ओकायामाकडून बागेचा नमुना घेतला आणि ती बाग आवडीने सांभाळली. त्याच ओकायामाकडे शिकण्यासारखी दुसरी गोष्ट आहे, नदीच्या काठाखाली काय ठेवायचं ही. म्हणून पुणेकर वाचकांना माझी विनंती आहे. नदीकाठाचं काम तुमच्या भागात येईल, त्याचा नकाशा महापालिकेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत तुमच्यासमोर येईल, तेव्हा बाकांची आणि दिव्यांची संख्या नंतर विचारा. आधी हे विचारा: या काठात दगडांच्या मधल्या कपारी राहणार आहेत का, तळाचा खडक उघडा राहणार आहे का, आणि उन्हाळ्यातही धावेल एवढं पाणी वरून सुटणार आहे का. उत्तर लेखी मागा.